फार खाणं झालं? मग उद्याचा नाश्ता चुकवू नका

आडवा हात मारून जेवण झालं, वर गोडही झालं, तरी हात थांबला नाही. रात्रभर पोट तट्ट. सकाळी वजनकाट्यावर उभं राहावं तर आकडा दीड किलोने वर. अशा वेळी बहुतेक जण एकच निर्णय घेतात: आज काही खायचं नाही. हा लेख त्या निर्णयाच्या विरोधात आहे. एका दिवसाच्या जादा खाण्याने शरीराचं जेवढं नुकसान होतं, त्याच्या कितीतरी पट नुकसान ते भरून काढण्याच्या धडपडीत होतं. खाण्याशी असलेलं नातं सुधारायचं असेल तर सुरुवात दुसऱ्या दिवशीच्या सकाळपासून करावी लागते.

आधी त्या दीड किलोचा हिशोब करू, कारण पुढचे सगळे चुकीचे निर्णय त्या आकड्याच्या धास्तीतून होतात.

शरीरात एक किलो चरबी साठायची तर गरजेपेक्षा सुमारे ७,७०० किलोकॅलरी जास्त पोटात जाव्या लागतात. रोजची गरज २,००० असलेल्या माणसाने एका दिवसात दुप्पट, म्हणजे ४,००० किलोकॅलरी खाल्ल्या, तरी वरच्या २,००० मधून फार तर २६० ग्रॅम चरबी होईल. प्रत्यक्षात त्याहून कमीच, कारण थोडा भाग पचवण्यातच खर्च होतो आणि थोडा ग्लायकोजेन म्हणून साठतो. ग्लायकोजेन म्हणजे यकृतात आणि स्नायूंत ठेवलेला साखरेचा साठा. भरलेल्या अवस्थेत यकृतात साधारण १०० ग्रॅम आणि स्नायूंत ४०० ग्रॅमच्या आसपास. त्यातला प्रत्येक ग्रॅम आपल्याबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी धरून ठेवतो. आधीचे काही दिवस हात आखडून खाल्लं असेल आणि आता २०० ग्रॅम साठा भरून निघाला असेल, तर तेवढ्यानेच काटा ८०० ग्रॅम वर जातो.

मग मीठ. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांसाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, आणि भरपेट तळलेल्या-खारवलेल्या खाण्यात ती मर्यादा सहज दुप्पट होते. रक्तातलं मिठाचं प्रमाण ठरावीक राखायचं असल्यामुळे शरीर दर ९ ग्रॅम जादा मिठामागे साधारण एक लिटर पाणी अडवून धरतं. मूत्रपिंडं ते दोन-चार दिवसांत बाहेर काढतात. भरीला आतड्यात असलेलं अन्न आहेच; त्याचा पूर्ण प्रवास एक ते तीन दिवसांचा असतो.

थोडक्यात, सकाळी दिसतं ते बहुतांश पाणी आणि पोटातला ऐवज. यातली खरी मेख अशी की दुसऱ्या दिवशी उपाशी राहिलं तर आकडा झपाट्याने उतरतो. माणसाला वाटतं, उपाय लागू पडला. वास्तविक ते पाणी नेहमीसारखं जेवूनही तीन-चार दिवसांत गेलंच असतं. श्रेय मात्र उपाशी राहण्याला मिळतं, आणि पुढच्या वेळी तीच युक्ती जास्त कडक होऊन परत येते. म्हणून जादा खाणं झाल्यावर पाच दिवस काट्यावर उभं राहू नका. काटा समोर दिसला की राहवत नसेल तर तो कपाटावर टाका.

त्या रात्री काय करायचं

फार काही नाही. दहा-पंधरा मिनिटं रमतगमत चाला. जेवणानंतरच्या अशा चालण्याने रक्तातली साखर कमी चढते आणि पोटाचा जडपणाही हलका होतो. धावू नका, व्यायामशाळेत जाऊ नका. पोट भरलेलं असताना जोर केला तर मळमळ आणि आंबट पाणी वर येणं एवढंच पदरात पडतं. कंबर सैल करा, ताठ बसा, पाणी घोट घोट प्या. सोडा किंवा फसफसणारं पेय घेतल्यावर ढेकर येऊन सुटल्यासारखं वाटतं, पण आधीच ताणलेल्या जठरात आणखी वायू भरतो. साधं मिश्र जेवण जठरातून पुढे सरकायला साधारण चार तास लागतात, तेलकट-तुपकट असेल तर जास्त. म्हणून आडवं व्हायच्या आधी दोन-तीन तास जाऊ द्या. ते शक्य नसेल तर उशी उंच घेऊन डाव्या कुशीवर झोपा. त्या स्थितीत आम्ल घशाकडे कमी येतं.

काय करायचं नाही ते स्पष्ट सांगतो. ओकारी काढायची नाही. पोट रिकामं होईल ही कल्पनाच चुकीची आहे, खाल्लेल्याचा बराच भाग आतच राहतो; जातात ती रक्तातली क्षारद्रव्यं. पोटॅशियम खाली गेलं की हृदयाचे ठोके बिघडू शकतात, आणि वारंवार वर येणारं आम्ल दातांचं एनॅमल खातं. जुलाबाच्या गोळ्यांचंही तसंच. त्या मुख्यतः मोठ्या आतड्यावर काम करतात, तर कॅलरी त्याआधीच लहान आतड्यात शोषल्या गेलेल्या असतात. कमी होतं ते फक्त पाणी. ‘डिटॉक्स’चे रस आणि काढे याच माळेतले, शरीरातला कचरा काढायचं काम यकृत आणि मूत्रपिंडं तुम्ही काहीही न पिता करत असतात.

छातीत दाबल्यासारखं दुखून कळ हाताकडे किंवा जबड्याकडे जात असेल, पोटातली असह्य कळ पाठीत जात असेल, किंवा ताप येऊन उजव्या बरगडीखाली दुखत असेल, तर ते नुसतं अपचन समजून घरी बसू नका. लगेच दवाखाना गाठा.

दुसऱ्या दिवशी सकाळी

नाश्ता करायचा. भूक नेहमीएवढी नसेल तर थोडा कमी करा, नेहमीच्या वेळेपेक्षा तासभर उशिरा करा, पण करा. एक फळ आणि वाटीभर दही एवढंही चालेल. नंतर दुपारचं जेवण नेहमीच्या वेळी, नेहमीच्या मापाने. शिक्षा म्हणून नुसती कोशिंबीर नको.

काल एवढं खाल्लंय, मग आज कमी खाल्लं तर बिघडलं कुठे? शरीर आपोआप थोडं कमी मागत असेल तर काहीच बिघडत नाही. ते त्याला मागू द्या. पण आज मी खाणार नाही असं ठरवून भुकेला दाबणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि तिचा परिणाम पाहायला एक जुना प्रयोग उपयोगी पडतो. १९७५ मध्ये पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक यांनी काही तरुणींना आधी मिल्कशेक दिला आणि मग चव सांगण्याच्या निमित्ताने पुढ्यात आइस्क्रीम ठेवलं. एरवी मोकळेपणी खाणाऱ्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं. पोट भरलेलं असल्यावर माणूस करतो तेच. खाण्यावर सतत लगाम ठेवणाऱ्यांनी मात्र मिल्कशेक प्यायल्यावर आइस्क्रीम जास्त खाल्लं. नियम मोडलाच आहे, दिवस वाया गेलाच आहे, तर मग आता काय उरलंय, ही ती मनःस्थिती. लगाम जेवढा घट्ट, तेवढा तो तुटल्यावरचा उधाणलेपणा मोठा.

दीर्घकाळ अर्धपोटी राहिल्यावर काय होतं याचा सर्वांत तपशीलवार पुरावा मिनेसोटा विद्यापीठातला आहे. १९४४-४५ मध्ये अॅन्सल कीज यांनी ३६ निरोगी तरुण स्वयंसेवकांना २४ आठवडे रोज सुमारे १,६०० किलोकॅलरींवर ठेवलं. त्याआधी ते जवळजवळ दुप्पट खात होते. त्यांचं वजन साधारण एक चतुर्थांश उतरलं. पण त्याहून बोलकं आहे त्यांचं वागणं. बोलणं, स्वप्नं, वाचन सगळं खाण्याभोवती फिरू लागलं, ताटं चाटून साफ होऊ लागली, काही जण पाककृतींची पुस्तकं जमवू लागले. आणि पुन्हा मनाजोगतं खायला मिळाल्यावर त्यांतले काही पोट फुटेस्तोवर खाऊनही भूक भागत नाही असं म्हणत राहिले. ही सगळी तब्येतीने आणि मनाने धडधाकट म्हणून पारखून घेतलेली माणसं होती. ‘मला तोंडावर ताबाच नाही’ असं स्वतःला बोल लावणाऱ्या प्रत्येकाने हे एकदा नीट वाचावं. अर्धपोटी ठेवलेलं शरीर असंच वागतं, त्यात स्वभावाचा दोष शोधण्यात अर्थ नाही.

व्यायामाने जाळून टाकण्याच्या बेताबद्दल एक आकडा पुरे. ६५-७० किलोच्या माणसाचे एक किलोमीटर चालण्यात साधारण ५० किलोकॅलरी खर्च होतात. हजार किलोकॅलरी फेडायच्या तर वीस किलोमीटर. चालणं चांगलंच आहे, पण ते शिक्षा म्हणून करायला लागलं की महिन्याभरात बूट कोपऱ्यात पडतात.

(मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या सल्फोनिलयुरिया गटातल्या गोळ्या चालू असतील तर जेवण चुकवणं थेट धोक्याचं आहे. औषध पोटात आणि अन्न नाही, अशाने साखर एकदम घसरते. जादा खाल्लं म्हणून औषधाचा डोसही मनाने वाढवू नका.)

वेळापत्रक, आधी काय खायचं ते नाही

अनावर खाण्यावरच्या उपचारांत ऑक्सफर्डचे मानसोपचारतज्ज्ञ क्रिस्टोफर फेअरबर्न यांनी बसवलेली पद्धत आजही सर्वाधिक वापरली जाते, आणि तिचं पहिलं मोठं पाऊल अगदी साधं वाटतं: ठरलेल्या वेळी खाणं. तीन जेवणं, मध्ये दोन किंवा तीन छोटी खाणी, आणि जागेपणी दोन खाण्यांत चार तासांहून जास्त अंतर नाही. सकाळी ८ ला नाश्ता, ११ ला काहीतरी छोटं, दीडला जेवण, ५ ला पुन्हा छोटं, साडेआठला जेवण. एवढंच. काय खायचं याची चिंता पहिले दोन-तीन आठवडे करायचीच नाही. लोकांना हे पटत नाही; त्यांना लगेच साखर बंद, मैदा बंद करायचं असतं. पण वेळा बसल्याशिवाय पदार्थांची छाटणी सुरू केली तर तो नवा लगाम होतो आणि वरच्या आइस्क्रीमच्या गोष्टीत आपण कुठे बसतो ते ठरून जातं.

हे वेळापत्रक फसतं ते ठरावीक ठिकाणी. पहिलं म्हणजे भूक लागायची वाट पाहणं. बरेच दिवस उलटसुलट खाल्ल्यावर भुकेची जाणीव बिघडलेली असते: सकाळी मुळीच नाही, रात्री एकदम वणवा. म्हणून सुरुवातीला घड्याळ पाहून खायचं; खरी भूक काही आठवड्यांत आपोआप जागेवर येऊ लागते. दुसरं, काहीतरी अधलंमधलं जादा खाल्लं म्हणून पुढचं ठरलेलं खाणं गाळणं. इथेच साखळी तुटते. चार वाजता बिस्किटांचा पुडा संपवला असेल तरी पाचचं छोटं खाणं आणि साडेआठचं जेवण जागेवरच राहतं, हवं तर थोडं लहान. तिसरं, मधलं खाणं म्हणून नुसता चहा-कॉफी. पेयाने भूक तासभर झाकली जाते, भागत नाही.

पहिल्या आठवड्यात पोट फुगल्यासारखं, फार खातोय असं वाटतं. नियमित खाण्याची सवय मोडलेल्या पोटाची ती तक्रार असते आणि ती बहुधा लवकर ओसरते.

नोंदवहीतलं एक पान

कॅलरी मोजणारं अॅप नको. ज्यांचं खाण्याशी बिनसलेलं आहे त्यांच्या हातात ते कोलीत ठरतं. एक साधी वही घ्या, पाच रकाने: वेळ, काय, कुठे, हातचं सुटलं असं वाटलं तर फुली, आणि त्या आधी काय चाललं होतं. खाल्ल्या खाल्ल्या लिहायचं. रात्री आठवून लिहिलेली वही निरुपयोगी असते, कारण लाज आणि विसर दोन्ही मिळून ती स्वच्छ करून टाकतात.

भरलेलं पान साधारण असं दिसतं. सकाळी ८.१५, काळी कॉफी, स्वयंपाकघरात उभ्याने. शेवटच्या रकान्यात ‘काल रात्री फार झालं, आज कमी’. दुपारी १.४०, अर्धी वाटी भात आणि काकडी, कामाच्या टेबलावर, ‘मीटिंग चालू’. संध्याकाळी ७.२०, बिस्किटांचा अर्धा पुडा, फ्रीजपाशी उभ्याने, फुली. ‘नुकतंच घरी, डोकं दुखतंय’. रात्री ९ ला जेवण, टीव्हीसमोर. ‘भूक नव्हती पण जेवायची वेळ’. रात्री ११.३०, आइस्क्रीमचा डबा, पलंगावर, फुली. ‘आजचा दिवस गेलाच’.

लिहिणाऱ्याला वाटतं की गुन्हेगार आइस्क्रीम आहे. पान वाचणाऱ्याला दिसतं की सकाळी उठल्यापासून संध्याकाळी सातपर्यंत, जवळजवळ बारा तासांत, या माणसाच्या पोटात अर्धी वाटी भात गेलाय. पहिली फुली डोकेदुखीवर पडली आहे, आणि ती डोकेदुखी बहुधा उपाशीपणाची आहे. दुसरी फुली पहिल्या फुलीच्या रागातून आली आहे. इथे इच्छाशक्ती वाढवायची नाही. पाचला काहीतरी भरीव खायचं आहे. दोन आठवड्यांची पानं एकत्र ठेवून फुल्या कुठे दाटतात ते पाहा. बहुतेकांच्या फुल्या एक-दोन ठिकाणीच गोळा झालेल्या असतात: एखादी ठरावीक वेळ, एखादी खुर्ची, एखाद्या माणसाशी झालेलं बोलणं.

ताटात काय

वेळा बसल्यावर मग ताटाकडे वळा, आणि काढण्याऐवजी घालण्यापासून सुरुवात करा. प्रत्येक मुख्य जेवणात २० ते ३० ग्रॅम प्रथिनं असली की पोट बराच वेळ शांत राहतं. अंदाजासाठी: एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, २०० मिलि दुधात ६-७ ग्रॅम, २०० ग्रॅम शिजवलेल्या मसुरीत साधारण १८ ग्रॅम. तंतू (फायबर) दिवसाला किमान २५ ग्रॅम हवेत. त्याच मसुरीतून जवळजवळ १५ ग्रॅम मिळतात, सालासकट मध्यम सफरचंदातून ४. एका दिवसात १० वरून ३० वर उडी मारली तर वायू आणि कळा यांनी हैराण व्हाल. आठवड्याला पाचेक ग्रॅमने वाढवा आणि पाणी वाढवा.

पाकिटबंद, कारखान्यात बऱ्याच प्रक्रिया झालेल्या अन्नाबद्दल एक प्रयोग लक्षात ठेवण्यासारखा आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या केव्हिन हॉल यांनी २०१९ मध्ये तो प्रसिद्ध केला. २० जणांना दोन आठवडे अतिप्रक्रियायुक्त आणि दोन आठवडे साधं अन्न दिलं; दोन्हीकडे पुढ्यात येणाऱ्या कॅलरी, साखर, चरबी, मीठ, तंतू सारखे, हवं तेवढं खायची मुभा. अतिप्रक्रियायुक्त अन्नावर ते रोज सुमारे ५०० किलोकॅलरी जास्त खात होते, आणि जास्त वेगाने खात होते. वेग महत्त्वाचा आहे, कारण पोट भरल्याचे संदेश आतड्यातून मेंदूपर्यंत ठळकपणे पोचायला पंधरा-वीस मिनिटं जातात. प्रत्येक घास बत्तीस वेळा चावा वगैरे उपदेश कोणी चार दिवसांपलीकडे पाळत नाही. त्यापेक्षा एक सोपं आहे: पहिलं वाढून घेतलेलं संपलं की दहा मिनिटं थांबायचं, ताट समोरच असू दे, आणि मग हवं असेल तर पुन्हा घ्यायचं. खरंच घ्यायचं, ‘थांबलो म्हणजे आता बंद’ असा नियम केला की पुढच्या वेळी थांबायची इच्छाच होणार नाही.

ज्या पदार्थाची भीती वाटते तो

घरात ठेवला तर संपेल म्हणून घरात आणायचाच नाही, असे दोन-चार पदार्थ प्रत्येकाचे असतात. काही आठवडे असं करणं ठीक. कायमचं केलं तर तो पदार्थ डोक्यात मोठा होत जातो, आणि कुठे बाहेर समोर आला की तुटून पडणं होतं. लिओनार्ड एप्स्टाइन आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवलं की एकच पदार्थ लागोपाठ पाच दिवस दिला तर बायकांचं तो खाणं कमी होत गेलं; तोच आठवड्यातून एकदा असा पाच आठवडे दिला तेव्हा तसं झालं नाही. सरावाने नवलाई जाते, आणि सराव व्हायला पदार्थ पुन्हा पुन्हा, जवळ जवळ भेटावा लागतो. म्हणूनच सहा दिवस कडक आणि सातवा ‘चीट डे’ ही व्यवस्था मला मुळीच पसंत नाही. ती म्हणजे सहा दिवसांचा लगाम आणि सातव्या दिवशीची ठरवून केलेली उधळण; नवलाई जायला जागाच राहत नाही.

परत आणायची पद्धत अशी. भीती वाटणाऱ्या पदार्थांची यादी करा, कमी भीतीचा वर, सर्वांत जास्त भीतीचा खाली. वरून सुरू करा. समजा चॉकलेट आहे. छोटी, ३० ग्रॅमच्या आसपासची एकच वडी आणा, मोठा डबा नको. वेळ निवडा ती जेवण झाल्यावरची, म्हणजे भूक मध्ये येणार नाही. वेष्टन काढून बशीत ठेवा, बसून खा, फोन बाजूला. पहिला तुकडा तोंडात विरघळू द्या. चव कितव्या घासापर्यंत पहिल्यासारखी लागते तेवढं बघा. बहुतेकदा तिसऱ्या-चौथ्या घासानंतर ती उतरते, आणि उतरली तरी संपवायची असेल तर संपवा. आठवड्यातून तीन वेळा असं, दोन आठवडे, तोच पदार्थ. धडधड होईनाशी झाली, उरलेला तुकडा विसरायला झाला, की पुढच्या नावाकडे जा.

हा सराव अंगावर येतो तो बहुतेक तीन कारणांनी. लोक यादीतला सर्वांत खालचा पदार्थ आधी घेतात. किंवा हे रात्री साडेअकराला, एकट्याने, उपाशीपोटी करतात. किंवा चॉकलेटऐवजी त्याची ‘हेल्दी’ आवृत्ती खातात, जिने मन भरत नाही, आणि तासाभराने खरं चॉकलेटही खातात. महिन्यात तीन-चारदा अनावर खाणं अजून चालू असेल तर हा टप्पा थांबू द्या, आधी वेळापत्रक.

ऊर्मी आली तर? ती वाढते, टोकाला जाते आणि काही न करताही उतरते. बहुधा वीस-तीस मिनिटांत. त्या वेळात हात आणि जागा दोन्ही गुंतवा: अंघोळ, फोन करणं, बाहेर एक फेरी. टीव्ही पाहणं यात मोडत नाही, कारण त्यात हात मोकळे राहतात. आधी मात्र एक तपासा, शेवटचं खाऊन किती तास झाले. चारहून जास्त झाले असतील तर ती सरळ भूक आहे, तिला जेवण द्या. ‘साधा उकडलेला बटाटाही चालेल का’ असं स्वतःला विचारून खरी भूक ओळखायची युक्ती बरी आहे, पण उत्तर नाही आलं म्हणून खायला बंदी असं तिचं रूपांतर होऊ देऊ नका. कधीकधी माणूस नुसतं आवडतं म्हणून खातो, आणि तेही खाणंच आहे.

झोपेकडे दुर्लक्ष करून हे सगळं करणं म्हणजे उलट्या वाऱ्यात चालणं. शिकागो विद्यापीठातल्या २००४ च्या एका अभ्यासात बारा तरुणांना दोन रात्री चार-चार तासच अंथरुणावर राहू दिलं. दहा तास मिळाल्याच्या तुलनेत भूक जागवणारं घ्रेलिन हे संप्रेरक २८ टक्क्यांनी जास्त, तृप्तीचा संदेश देणारं लेप्टिन १८ टक्क्यांनी कमी निघालं. मद्याचंही येतंच: ते पोटात गेलं की ठरवलेलं सगळं सैल पडतं, म्हणून ज्या दिवशी ते घ्यायचं त्या दिवशी आधी जेवून घ्या.

घरातल्या माणसांना एक सांगायला हवं. ‘परत घेतोयस?’, ‘आज काय कडकडीत उपास का?’ आणि ‘बारीक झालीस गं!’, तिन्ही बंद. तिसरंही, कारण कौतुक वजनाचं झालं की पुढच्या वाढलेल्या अर्ध्या किलोची लाज त्यातूनच येते. मदत करायची असेल तर ठरलेल्या वेळी सोबत जेवायला बसा आणि दुसऱ्या कुठल्याही विषयावर बोला.

वजन पाहायचंच असेल तर आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, सकाळी, आणि चार आकड्यांच्या सरासरीकडे बघून. एकटा आकडा पाण्याचा खेळ असतो.

शेवटी, हे सगळं कुठे पुरत नाही ते. थोड्या वेळात इतर कोणी खाईल त्यापेक्षा उघड जास्त खाणं, तेव्हा थांबताच येत नाही अशी भावना, हे आठवड्यातून किमान एकदा असं तीन महिने चालू असेल, सोबत भराभर खाणं, दुखेपर्यंत खाणं, भूक नसताना खाणं, लाजेने लपून खाणं, नंतर स्वतःची किळस येणं यांतली तीन तरी लक्षणं असतील, तर तो आजार असू शकतो. अमेरिकन सायकिअॅट्रिक असोसिएशनने २०१३ मध्ये त्याला स्वतंत्र निदान म्हणून मान्यता दिली. त्यावर उपचार आहेत आणि त्यांचा गुण येतो. ओकारी, जुलाबाच्या गोळ्या, दिवसेंदिवस उपाशी राहणं यातलं काही चालू असेल, चक्कर येत असेल, ठोके चुकल्यासारखे वाटत असतील किंवा पाळी बंद झाली असेल, तर तीन महिने मोजत बसू नका. आधी नेहमीच्या डॉक्टरांकडे जाऊन रक्तातलं पोटॅशियम आणि ईसीजी तपासून घ्या, आणि मग खाण्याच्या आजारांवर काम करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञांकडे. तिथे ‘वजन कमी करायचंय’ असं सांगून सुरुवात केलीत तर हातात डाएटचा कागद पडायची शक्यता मोठी. ‘खायला लागल्यावर थांबता येत नाही’ असं म्हणा, आणि वहीची मागच्या दोन आठवड्यांची पानं फुल्यांसकट पुढे ठेवा.